पंचेचाळीस वर्षांची मैफल

मार्च १९७१. न्यूयॉर्कच्या सेकंड अॅव्हेन्यूवर फिलमोर ईस्ट नावाचं थिएटर होतं. तिथे तीन रात्रींचे कार्यक्रम लागले होते आणि जाहिरातीत सगळ्यात वर नाव होतं टेक्ससच्या जॉनी विंटर या गिटारवादकाचं. ऑलमन ब्रदर्स बँडचं नाव त्याच्या खाली. तीन रात्री संपेपर्यंत क्रम बदलला होता आणि शेवटी वाजवण्याचा मान या खालच्या नावाकडे आला होता. शेवटच्या रात्री कुणीतरी थिएटरात बॉम्ब असल्याची आवई उठवली, त्यात वेळ गेला, आणि उशिरा सुरू झालेला दुसरा खेळ संपला तेव्हा बाहेर उजाडत आलं होतं.

या रात्रींचं ध्वनिमुद्रण चालू होतं. अटलांटिक कंपनीचा टॉम डाउड हा निर्माता त्यावर देखरेख करत होता. पहिल्या रात्री मंचावर अचानक सॅक्सोफोनवाले उभे राहिलेले पाहून तो हादरला. कुणी त्याला कल्पना दिली नव्हती, आणि ते वादन बाकीच्यांशी जुळतही नव्हतं. त्याने त्यांना खाली उतरवायला लावलं. रोज खेळ संपला की डाउड आणि बँड स्टुडिओत जाऊन त्या रात्रीचं मुद्रण ऐकायचे. कुठलं गाणं साधलं, कुठलं उद्या पुन्हा घ्यायचं, ते तिथेच ठरायचं. त्यातून जुलै १९७१ मध्ये ‘अॅट फिलमोर ईस्ट’ हा दोन तबकड्यांचा संच बाहेर पडला. चार बाजू आणि गाणी फक्त सात. एका बाजूवर एकच गाणं, साधारण १९ मिनिटांचं. आणखी एका बाजूवर पुन्हा एकच, जवळजवळ २३ मिनिटांचं. रेडिओला तीन मिनिटांची गाणी लागत होती तो हा काळ. बँडचा व्यवस्थापक फिल वॉल्डन याने हट्ट धरून संचाची किंमतही नेहमीच्या दुहेरी संचापेक्षा कमी ठेवायला लावली. स्टुडिओत केलेले त्यांचे पहिले दोन अल्बम फारसे चालले नव्हते. हा चालला. २००४ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत त्याला जागा दिली.

या बँडबद्दल बोलायचं तर मंचापासूनच सुरुवात करावी लागते. स्टुडिओतल्या तबकड्या त्यांनी कर्तव्य म्हणून केल्या असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच.

मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल शहरात सहा जण एकत्र आले. त्यांना जमवणारा होता बावीस वर्षांचा ड्वेन ऑलमन. त्याआधी तो अलाबामातल्या मसल शोल्स या छोट्या गावातल्या स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांवर गिटार वाजवायचा. विल्सन पिकेटसारख्या मोठ्या गायकाला बीटल्सचं ‘हे ज्यूड’ गा असं सुचवण्याइतका तो धीट होता, आणि त्या गाण्याच्या शेवटी त्याने जे वाजवलं त्यावरून त्याचं नाव दूरवर पोचलं. पण पगारी वादनात त्याचं मन रमेना. धाकटा भाऊ ग्रेग लॉस एंजेलिसमध्ये होता, त्याला त्याने बोलावून घेतलं. ग्रेगने हॅमंड ऑर्गन सांभाळायचं आणि गायचं. दुसरा गिटारवादक डिकी बेट्स, बेस गिटारवर बेरी ओकली. ड्रमवादक मात्र एक नव्हे, दोन होते. बुच ट्रक्स आणि जेमो.

दोन ड्रमवाले कशाला, हा प्रश्न ऐकणाऱ्याला पडतोच. एकाचा आवाज पुरत नाही म्हणून दुसरा, असं ते नव्हतं. बुच ट्रक्सचा ठेका सरळ, जोरकस, थांबणं माहीत नसलेला. त्याच्यावर अख्खा बँड भार टाकू शकायचा. जेमो मिसिसिपीचा, जॅझ ऐकून मुरलेला. ओटिस रेडिंगसारख्या गायकांबरोबर त्याने दौरे केले होते. तो ठेक्याच्या मधल्या जागा भरायचा, कधी मागे रेंगाळायचा, कधी गिटारच्या एखाद्या वाक्याला उत्तर द्यायचा. हेडफोन लावून ऐकलं तर डाव्या-उजव्या कानांत हे दोन स्वभाव वेगळे ओळखता येतात. या बँडबद्दल लिहिणारे गिटारींवरच थांबतात. मला मात्र वाटतं, हे दोघे नसते तर वीस मिनिटांची गाणी दहाव्या मिनिटालाच आडवी झाली असती.

जेमो कृष्णवर्णीय होता. १९६९ मधल्या अमेरिकेच्या दक्षिणेत गोऱ्या-काळ्यांचा एकत्र बँड, त्यातही लांब केसांचा, ही साधी बाब नव्हती. वर्णभेदाचे कायदे रद्द होऊन जेमतेम पाच वर्षं झाली होती, आणि माणसं कायद्याइतक्या झटपट बदलत नाहीत. वॉल्डनच्या सांगण्यावरून हे सगळे जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावी राहायला आले. लिट्ल रिचर्ड आणि ओटिस रेडिंग ज्या गावात वाढले ते हेच गाव. खिशात पैसे नसायचे. एच अँड एच नावाच्या खाणावळीची मालकीण, सगळ्यांची ‘मामा लुईस’, त्यांना उधारीवर जेवू घालायची. पुढे बँड नावारूपाला आल्यावर हे लोक तिला दौऱ्यावरही घेऊन गेले. व्हाइनव्हिल अॅव्हेन्यूवरचं एक मोठं जुनं घर त्यांनी १९७० च्या सुरुवातीला भाड्याने घेतलं. ‘बिग हाउस’ म्हणून ओळखलं जाणारं ते घर आता त्यांचं संग्रहालय आहे. गावातल्या रोझ हिल दफनभूमीत बसून वाजवण्याचाही त्यांना नाद होता. डिकी बेट्सच्या एका प्रसिद्ध वाद्यरचनेला तिथल्याच एका थडग्यावरचं नाव मिळालं, एलिझाबेथ रीड. त्या बाईशी या मंडळींचा काही संबंध नव्हता.

त्यांच्या संगीतावर ‘सदर्न रॉक’ची चिठ्ठी लागली ती पुढे. ग्रेगला ती कधीच आवडली नाही. रॉक जन्मलाच दक्षिणेत, मग त्याला आणखी दक्षिणेचं विशेषण कशाला, असं तो म्हणायचा. मुद्दा रास्त आहे. या बँडच्या पाठीशी मडी वॉटर्ससारख्यांचे ब्लूज जितके होते तितकेच जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि जॉन कोल्ट्रेन होते. जेमोने बाकीच्यांना या दोघांच्या तबकड्या ऐकवून ऐकवून वेड लावलं होतं. एकाच स्वरसमूहात बराच वेळ रमायचं, सूरसंगती भराभर बदलायच्या नाहीत, ही कोल्ट्रेनची रीत त्यांनी विजेच्या गिटारवर आणली. बेट्सकडे ग्रामीण दक्षिणेतल्या फिडलच्या धुना होत्या. दोन्ही गिटार एकच धून वेगवेगळ्या पट्टीत, साधारण दोन स्वरांचं अंतर राखून, बरोबरीने वाजवतात तो गोडवा या सगळ्या मिश्रणातून आला. नंतर शेकडो बँडनी तो उचलला.

ख्यालाची बैठक ऐकलेल्या माणसाला जॅम हा प्रकार फार समजावावा लागत नाही. बंदिश दोन ओळींची, विस्तार पाऊण तासाचा. इथेही आधी धून मांडतात, मग मोकळ्या मैदानात शिरतात, आणि शेवटी धून पुन्हा पकडून थांबतात. फरक असा की इथे मुख्य कलाकार आणि साथीदार अशी विभागणी नाही. सूत्र हातोहात फिरतं. ड्वेन वाजवत असताना बेट्स त्याच्या मागे एखादी छोटी ओळ धरून ठेवतो, ती ओकलीला आवडली तर तो बेसवर तिची उलटी बाजू काढतो, आणि दहा सेकंदांत सगळं वादन त्या नव्या वाटेला लागलेलं असतं. ओकली बेस गिटार नुसता आधाराला वाजवत नसे, तो तिसऱ्या गिटारसारखा धावायचा. खूण म्हणजे एक नजर, मान डोलावणं, नाहीतर ठरलेली चार स्वरांची हाक. असं सगळं जुळून आलं की मंडळी म्हणायची, आज ‘हिटिंग द नोट’ झालं. रोज होत नसे. १९७० या एका वर्षात हा बँड तीनशेच्या आसपास रात्री रस्त्यावर होता, कधी पैसे घेऊन, कधी अटलांटाच्या पिडमाँट पार्कात फुकट. फिलमोरला ऐकू येतं ते या तालमीचं फळ.

ड्वेनच्या स्लाइड गिटारची हकिगत सांगायलाच हवी. स्लाइड म्हणजे बोटात काचेची किंवा धातूची नळी घालून ती तारेवरून सरकवायची. तार पट्टीवर दाबायची नाही, नुसती स्पर्शायची. त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली सगळी वाट ऐकू येते. ग्रेग सांगायचा त्याप्रमाणे १९६८ साली ड्वेन घोड्यावरून पडला, कोपराला मार लागला, वर सर्दी. घोडेस्वारीची कल्पना ग्रेगची, म्हणून तो भावावर चिडलेला. वाढदिवसाला ग्रेगने ताज महाल या ब्लूज गायकाची नवी तबकडी आणि सर्दीवरच्या कॉरिसिडिन गोळ्यांची बाटली आणली, दारात ठेवली, घंटी वाजवली आणि धूम ठोकली. काही वेळाने फोन आला, लगेच ये. ड्वेनने गोळ्या ओतून टाकल्या होत्या, बाटलीवरचा कागद धुऊन काढला होता आणि ती बोटात घालून तबकडीवरचं ‘स्टेट्सबरो ब्लूज’ तो वाजवत होता. फिलमोरचा संच याच गाण्याने सुरू होतो. जाड काचेची ती छोटी औषधी बाटली आज बाजारात मिळत नाही, पण गिटारवाल्यांसाठी तिच्या हुबेहूब नकला अजून बनतात.

आता त्या २३ मिनिटांच्या ‘व्हिपिंग पोस्ट’कडे. हे गाणं ग्रेगला रात्री सुचलं. घरात लहान मूल झोपलेलं, दिवा लावायची सोय नाही, कागद सापडेना. त्याने काड्या जाळून त्यांच्या कोळशाने इस्त्रीच्या फळीवरच्या कापडावर शब्द खरडले. घरच्या बाईने सकाळी काय म्हटलं असेल ते आपण समजून घ्यावं. गाण्याची सुरुवातीची बेसची ओळ मोजून पाहा: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. अकरा. शेवटचा तीनचा गट एक मात्रा कमी पडतो, म्हणून दर फेरीला पायाखालची पायरी चुकल्यासारखं होतं आणि आपण पुढे ढकलले जातो. ग्रेगला स्वतःला हे अकराचं गणित ठाऊक नव्हतं. तीन तिऱ्या झाल्या की परत सुरुवातीला यायला दोन हवेत, एवढंच त्याच्या डोक्यात. भावाने सांगितलं तेव्हा त्याला कळलं.

स्टुडिओत हे गाणं पाच मिनिटांच्या थोडं वर होतं. फिलमोरला श्रोत्यांतून कुणीतरी त्याच्या नावाने ओरडतो, ड्वेन हसत बरोबर ओळखलंस म्हणतो आणि ओकली सुरू करतो. गाण्याचे शब्द आणि दोन्ही गिटारवादकांचे सोलो होतात. इथवर कुठल्याही चांगल्या बँडसारखंच. मग साधारण दहाव्या मिनिटानंतर ठेका विरघळू लागतो. मोजायला मात्राच उरत नाहीत. गिटारीतून तुटक सूर येतात, ड्रमवाले झांजांवर नुसते हात फिरवतात, मधूनच एखादी धून डोकं वर काढते आणि विरते. गर्दी गप्प असते, आणि हे नवल आहे, कारण १९७१ मधल्या न्यूयॉर्कच्या रॉकच्या गर्दीला गप्प बसायची सवय नव्हती. त्या पोकळीतून ते हळूहळू बांधत परत वर चढतात आणि ग्रेगची शेवटची आरोळी येते. टाळ्या सुरू होतात, पण बुच ट्रक्स थांबत नाही. तो टिंपनीवर घुमवत राहतो, गिटारींवर एक नवी धून उमटू लागते, आणि तिथे मुद्रणाचा आवाज हळूहळू बारीक करून तबकडी संपते.

पुढे काय झालं ते श्रोत्यांना कळलं फेब्रुवारी १९७२ मध्ये. ती नवी धून म्हणजे ‘माउंटन जॅम’, डोनोव्हन या गायकाच्या एका साध्या गाण्यावर उभारलेला ३३ मिनिटांचा विस्तार. एलपीच्या एका बाजूवर तो मावेना, म्हणून ‘ईट अ पीच’ या संचात दोन बाजूंवर तोडून टाकावा लागला.

पण तोवर ड्वेन नव्हता. ऑक्टोबर १९७१ मध्ये फिलमोरच्या संचाला सुवर्ण तबकडीचा मान मिळाला आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला मेकनच्या रस्त्यावर, समोर आलेल्या ट्रकला चुकवताना त्याची मोटरसायकल आदळली. वय २४. वर्षभराने, ११ नोव्हेंबर १९७२ ला, त्या जागेपासून काहीच गल्ल्या पुढे बेरी ओकलीची मोटरसायकल बसवर गेली. त्याचंही वय २४. दोघांना रोझ हिलमध्येच शेजारी पुरलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. दुसऱ्या बहुतेक बँडची संपलीच असती. उलट झालं असं की पुढच्याच वर्षी हा बँड लोकप्रियतेच्या शिखरावर पोचला. ड्वेनच्या जागी त्यांनी दुसरा गिटारवादक घेतला नाही, पियानोवर चक लेव्हेलला बसवलं. बेट्सचं ‘रॅम्बलिन मॅन’ १९७३ मध्ये अमेरिकेच्या क्रमवारीत दुसऱ्या स्थानावर गेलं. २८ जुलै १९७३ ला न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेनच्या मोटार शर्यतींच्या मैदानावर त्यांनी ग्रेटफुल डेड आणि द बँड यांच्याबरोबर कार्यक्रम केला. तिकिटं विकली गेली दीड लाख. आले सुमारे सहा लाख, म्हणजे वुडस्टॉक महोत्सवापेक्षा जास्त. एवढ्या लांबवर ऐकू जाणार कसं? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो, वीज मात्र तात्काळ पोचते. मागच्या मनोऱ्यांवरचे स्पीकर मंचाशी थेट जोडले तर तिथल्या माणसाला आधी जवळचा आवाज आणि मग मंचाचा असं दोनदा ऐकू येईल. म्हणून मागच्या स्पीकरांना आवाज यंत्राने मुद्दाम थोडा उशिरा पोचवला गेला. आज कुठल्याही मोठ्या मैदानी कार्यक्रमात हे करतात, तेव्हा ते नवं होतं.

त्यानंतरची काही वर्षं मला फारशी रंजक वाटत नाहीत. पैसा आला, अमली पदार्थ आले, विमान आलं, भांडणं आली. १९७५ मध्ये त्यांनी जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांच्या अध्यक्षपदाच्या प्रचारासाठी निधी जमवायला वाजवलं, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी. १९७६ मध्ये ग्रेगने एका अमली पदार्थांच्या खटल्यात बँडच्याच माणसाविरुद्ध साक्ष दिली आणि बाकीचे त्याच्याशी बोलेनासे झाले. १९७८ ला पुन्हा जमले, १९८२ ला पुन्हा फुटले.

रंगत परत येते ती १९८९ पासून. विसाव्या वर्षानिमित्त जमलेल्या बँडमध्ये वॉरन हेन्स हा गिटारवादक आला, आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या बीकन थिएटरात पहिल्यांदा मुक्काम ठोकून वाजले. १९२९ मध्ये उघडलेलं, जेमतेम २,८०० खुर्च्यांचं हे थिएटर. पुढे जवळजवळ दर मार्चला तिथे सलग रात्री खेळ लावायचे असा परिपाठ पडला. गाण्यांचा क्रम रोज वेगळा, कधी एखादा पाहुणा ऐनवेळी मंचावर. म्हणून एकच माणूस चार-पाच रात्रींची तिकिटं काढायचा आणि काल काय वाजलं, आज काय राहिलं याचे हिशेब मांडायचा. श्रोत्यांनी आपापली यंत्रं आणून मुद्रण करायला बँडची परवानगी होती. नंतर तर खेळ संपल्यावर थोड्याच वेळात त्याच खेळाच्या सीडी बँड स्वतः विकू लागला. जॅम बँडचा धंदा कसा चालतो याचं उत्तर इथे आहे. गाजलेल्या गाण्याची तबकडी माणूस एकदा घेतो. रात्र दरवेळी नवी असते.

२००९ मध्ये चाळिसावं वर्ष तिथेच पंधरा रात्री साजरं झालं. दोन रात्री एरिक क्लॅप्टन येऊन गेला. १९७० मध्ये त्याच्या ‘लेला’ अल्बमवर ड्वेनने वाजवलं होतं.

या शेवटच्या पर्वातला डेरेक ट्रक्स आपल्या लोकांनी जरूर ऐकावा. बुच ट्रक्सचा हा पुतण्या १९९९ मध्ये विसाव्या वर्षी बँडमध्ये आला. तो ड्वेनसारखीच गिटार लावतो, तशीच काचेची नळी घालतो, पण त्याची मींड ऐकताना कान टवकारतात. कारण सरळ आहे. त्याने उस्ताद अली अकबर खाँ यांचं सरोद भरपूर ऐकलं, कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या संगीत विद्यालयात जाऊन धडेही घेतले, आणि २००६ च्या स्वतःच्या अल्बममध्ये एक कव्वाली वाजवली. सुराला खालून स्पर्श करून वर नेणं, तिथे क्षणभर टेकून मग सोडणं, हे त्याने तिथून उचललंय. डिकी बेट्सला २००० मध्ये बाकीच्यांनी फॅक्स पाठवून बाजूला केलं होतं. तीस वर्षांच्या सोबत्याला असं काढणं मला तरी पटलेलं नाही. पण त्यानंतर हेन्स आणि डेरेक यांची जी जोडी जमली तीच या बँडची सर्वांत दीर्घकाळ टिकलेली रचना ठरली.

शेवटचा खेळ बीकनमध्येच झाला, २८ ऑक्टोबर २०१४ ला. एकही पाहुणा नाही, तीन भाग, मध्यरात्र उलटली. तारीख २९ लागली, म्हणजे ड्वेनची पुण्यतिथी. सगळं आटोपल्यावर त्यांनी मडी वॉटर्सचं ‘ट्रबल नो मोअर’ वाजवलं. जॅक्सनव्हिलमध्ये सहा जणांनी एकत्र बसून पहिल्यांदा जे वाजवलं ते हेच, असं ग्रेगने श्रोत्यांना सांगितलं. बुच ट्रक्स आणि ग्रेग दोघेही २०१७ मध्ये गेले, बेट्स २०२४ मध्ये. मूळ सहांपैकी आता जेमो एकटा आहे.

ऐकायचंच असेल तर ‘जेसिका’ने सुरुवात करा. बेट्सने आपल्या छोट्या मुलीच्या नावाने केलेली ही सात मिनिटांची प्रसन्न धून कुणालाही आवडते. मग फिलमोरचा संच, पण तुकड्यातुकड्याने नको, निदान एक अख्खी बाजू तरी सलग. ‘यू डोन्ट लव्ह मी’च्या शेवटाकडे ड्वेन ‘जॉय टु द वर्ल्ड’ हे नाताळचं गाणं कसं अलगद आत आणतो तिकडे कान असू द्या. डेरेकचा हात ओळखायचा तर बीकनमधली २००३ ची ध्वनिचित्रफीत पाहा. ‘माउंटन जॅम’ची घाई करू नका. त्यात दोन्ही ड्रमवाल्यांचा लांबच लांब सोलो आहे, आणि पहिल्याच बैठकीला तो सोसेल असं नाही.